पांढऱ्या दोऱ्याची पानं

फेझ
गुरुवार, १५ ऑक्टोबर १९९८

इत्तो,

गाठोडं सोडलंस की रेशमाच्या लडींखाली एक पुस्तक निघेल. चुकून आलेलं नाही, मीच ठेवलंय. बाबा म्हणाले, "गुंड्या करणाऱ्या पोरीला कादंबरी कशाला पाठवतेस? तिची बोटं थांबली की माझ्या शिलाईचे जेलाबे, एवढे लांब झगे, उघड्या छातीनं फिरतील." मी म्हटलं, शाळेचं काम आहे. शाळेचं म्हटलं की तुझे मामा गप्प बसतात, तुला माहीतच आहे.

तर ऐक. मला साहित्याच्या वरच्या वर्गात घेतलं. आख्ख्या शाळेतून सव्वीस जण. लराकी बाई शिकवतात. बारीक आहेत, आवाज पण बारीक, पण त्या आत आल्या की बाकं सुद्धा सरळ होतात. पुस्तक एकच, पण त्यावर दर पंधरा दिवसांनी निबंध. समासात पेन्सिलीनं खुणा करायच्या. गोष्ट काय आहे ते सांगायचं नाही, "ती मलाही वाचता येते" म्हणतात. काहीही म्हटलं की त्याचा पान नंबर दाखवायचा. "खूप सुंदर" असं लिहिलं तर लाल पेन मारत नाहीत, नुसता उसासा टाकतात. तो जास्त लागतो.

आणि आता तुझं काम. प्रत्येकाला शाळेबाहेरचा एक वाचक हवा. त्यानं तेच पुस्तक वाचायचं, दोघांनी एकमेकांना हातानं पत्रं लिहायची आणि ती वहीत चिकटवायची. फोन चालत नाही. सुफियान म्हणून एक आहे, त्यानं त्याच्या वकील काकाला धरलंय. मी तुला.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा. त्यानंतर सहा जणांना परत साध्या वर्गात पाठवणार. बाबांनी आख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय, कोपऱ्यावरच्या गोगलगाईंचं कढण विकणाऱ्याला पण. मी त्या सहांत निघाले तर बाबांना दुकानाला लांबच्या रस्त्यानं जावं लागेल.

नाही म्हणू नको. आत्याला सलाम.

तुझी बतूल

*

सफ्रू
गुरुवार, २२ ऑक्टोबर

बतूल,

मी नको. दुसरं कुणीतरी बघ. मी नववीत शाळा सोडली, त्याला दोन वर्षं झाली. माझं अक्षर बघ, उतारावरून घसरल्यासारखं जातंय. तुझ्या बाई हे बघून उसासा टाकतील आणि तो तुझ्या खात्यावर जाईल.

पण एकशे चाळीस पानं वाचली.

म्हणजे नाही म्हणायच्या आधी बघावं म्हणून उघडलं. मी पाटावर पुस्तक ठेवते, वर कात्री आडवी टाकते म्हणजे पान उलटत नाही, आणि हात गुंडी करत राहतात. आईला वाचता येत नाही म्हणून थोडं मोठ्यानं वाचते. घरात माझा आवाज निघतो.

विहिरी खणणारा माणूस बायकोला सोडून जातो आणि अकरा वर्षांनी परत येतो. बायको तामू दार उघडते आणि म्हणते, "पाय धुऊन ये." बस. कुठं होतास, विचारत नाही. आई म्हणाली, "आता विचारेल." मी पुढचं पान उलटलं. नाही विचारलं. "उद्या विचारेल," आई म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

मामांना सांग, निळ्या रेशमाची लड कमी आहे. आणि बोटं थांबलेली नाहीत.

पुस्तक संपेपर्यंत वाचते. पत्रांचं नंतर बघू.

इत्तो

*

फेझ
गुरुवार, ५ नोव्हेंबर

इत्तो,

"पत्रांचं नंतर बघू" हे तू पत्रातच लिहिलंस. ते चिकटवलं. आता तू अडकलीस.

पहिल्या निबंधाला मला विसापैकी अकरा. मी लिहिलं होतं, विहीर म्हणजे माणसाच्या मनाचं प्रतीक. बाईंनी समासात लिहिलं, "हे तू लिहिलंस की गाईडनं?" आणि वर्गात तेच विचारलं. मी म्हटलं, "दोघांनी मिळून, बाई." सगळे हसले, बाई पण थोड्या हसल्या, पण अकराचे बारा नाही झाले.

मला कळत नाही त्यांना काय हवंय. मला उत्तरं येतात. विहीर म्हणजे काय, दोर म्हणजे काय, सगळं गाईडमध्ये आहे आणि मला पाठ आहे. त्या ऐकतात आणि म्हणतात, "बरं. आणि तू?" मी काय, बाई? मी पहिल्या बाकावर बसलेय.

पुस्तक पुढच्या गुरुवारी हम्मादीकाकांच्या टॅक्सीनं पाठव. वाचकाच्या खुणा पण दाखवायच्या असतात, तर पेन्सिलीनं काहीतरी कर. आत्याच्या "उद्या"चं काय झालं, तामूनं विचारलं का?

बतूल

*

सफ्रू
गुरुवार, १२ नोव्हेंबर

बतूल,

नाही विचारलं. शेवटच्या पानापर्यंत नाही. आई दोन दिवस त्या बाईवर चिडून होती.

पुस्तक पाठवलंय. रागावू नको, पेन्सिल मारली नाही. त्यावर शाळेचा शिक्का आहे आणि मला अजून शिक्क्याची भीती वाटते. गुंड्यांचे उरलेले रेशमाचे तुकडे होते, ते पानांत ठेवलेत. हिरवा, जिथं कुणी खोटं बोलतंय. लाल, जिथं मला राग आला. पिवळा, जिथं हसू आलं. निळा, जिथं काही घडत नाही पण मी मागं जाऊन परत वाचलं.

पांढऱ्यांकडं बघू नको. ते साधे सुती आहेत.

टॅक्सीत पुस्तक उलटं धरू नका असं हम्मादीकाकांना तीनदा सांगितलंय. ते म्हणाले, "पोरी, मी अंडी नेतो, नवरी नेतो, पुस्तक काय पळून जाणार आहे?"

इत्तो

*

फेझ
गुरुवार, २६ नोव्हेंबर

इत्तो,

बस आधी. मग वाच.

बाईंनी पुस्तक उघडलं आणि सगळ्या बाजूंनी दोरे लोंबायला लागले. वर्गात एक जण म्हणाला, "शिंप्याच्या पोरीनं पुस्तकाला झालर लावली." बाईंनी त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही. एकेक दोरा उचलून वाचत बसल्या. पाव तास. मग म्हणाल्या, "हिरवे एकतीस. मी तीस वर्षं हे पुस्तक शिकवतेय, मला बावीसच खोटं सापडलं होतं. हे कुणी केलं?" मी म्हटलं, "माझी सफ्रूची वाचक." माझी मान एवढी वर होती ना इत्तो, की फळा दिसत नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "आणि ही कुठं अडकली?"

मी म्हटलं, "कुठंच नाही बाई, ती हुशार आहे."

"मग मला तिचं वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "जो कुठंच अडकत नाही तो पुस्तकावरून नुसता चालत गेला." आणि सगळ्यांना सांगितलं, फेब्रुवारीच्या तोंडीत एकच प्रश्न असणार. कुठं अडकलात, आणि तिथं किती वेळ थांबलात. गाईड बंद. उत्तर आलं नाही तरी चालेल, पण ती जागा खरी पाहिजे.

आता मला एक सांग. ते पांढरे मी काढून टाकले. तूच म्हणालीस ना बघू नको म्हणून. मला वाटलं कच्चे टाके आहेत. आमच्या दुकानात शेवटचं काम तेच असतं, कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी पांढरा दोरा उसवायचा. पांढरा राहिला की बाबांची इज्जत गेली. मी लहानपणापासून तेच करत आलेय, हात आपोआप गेला. सगळे उपसून चुलीत टाकले. पण बाई बोलल्यापासून मला शंका येतेय.

ते काय होते गं?

बतूल

*

सफ्रू
गुरुवार, ३ डिसेंबर

बतूल,

ते तेच होते.

जिथं मला कळलं नाही तिथं पांढरा ठेवला होता. सतरा होते. लाज वाटली म्हणून तुला लिहिलं नाही आणि लाज वाटली म्हणून त्यात रेशीम घालवलं नाही. तू चुलीत टाकलेस ते वाचून आधी बरंच वाटलं.

आता सांगतेच. नववीत सरांनी मला उभं करून वाचायला लावलं. मधे एक ओळ आली, ती मला कळली नाही, म्हणून थांबले. विचारायचं होतं. पण चाळीस जण बघत होते आणि आवाज घशातच बसला. सर म्हणाले, "वाच, वाच, गाढव पुलावर अडतं तशी काय अडलीस?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी माझं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी पण. मग आईनं हातात सुई दिली आणि मामांनी रेशीम पाठवलं. कुणी मारलं नाही, कुणी काढलं नाही. मी एक ओळ कळली नाही म्हणून घरी बसलेय. आणि तुझ्या बाई म्हणतात अडकलं पाहिजे. त्यांना सांग, स्वस्तात पडत नाही ते.

तरी एक सांगते, सतरांतला एक. पान एकशे त्रेचाळीस. तो पाय धुऊन आत येतो, तामू पाव भट्टीतून आणते आणि दोन पावांतला लहान त्याच्यापुढं ठेवते. तुला हे कंजूषपणाचं वाटेल. तुमच्याकडं मामी पाव दुकानातून आणते. आमच्याकडं पाव थापून झाले की परातीत जी कणीक उरते तिचा एक धाकटा पाव करतात. तो घरातल्या लेकराचा. ताट गल्लीतल्या भट्टीवरून भाजून आलं की लेकरू तोच उचलतं, मोठं माणूस त्याला हात लावत नाही.

पण तामूच्या घरात लेकरू नाही. अकरा वर्षं ती एकटी आहे. मग धाकटा पाव तिनं थापला कुणासाठी?

मी तिथं चार दिवस अडकले होते. अजून तिथंच आहे.

हे कुणाला दाखवू नको.

इत्तो

*

फेझ
गुरुवार, १७ डिसेंबर

इत्तो,

काय सांगू तुला. दोन तास वर्गात त्या पावावरून भांडण चाललं. मी म्हटलं कंजूषपणा, गाईडमध्ये तसंच आहे, नवऱ्यावरचा राग काढला. खदीजा म्हणाली, माझी आजी पण धाकटा पाव करायची, खरंच तो पोरांचाच असतो. सुफियान म्हणाला, लेखकाला काय माहीत पावांचं, सहज लिहिलं असेल. मग तो म्हणाला, "सफ्रूच्या आजीबाईंनाच विचारा ना परत." वर्गात तुझं नाव आता आजीबाई पडलंय.

आणि बाई. त्यांनी पुस्तक एकशे त्रेचाळीसवर उघडलं, वाचलं, मिटलं. दहा मिनिटं आधी वर्ग सोडला. असं कधी होत नाही.

तू बाकीचे सोळा आठवून पाठव. लवकर. मला माझ्या तोंडीसाठी त्यातलाच एखादा घेता येईल. रोज्यांच्या सुरुवातीलाच पाठव, नंतर ईदच्या जेलाब्यांची गर्दी, तुला मान वर करायला वेळ मिळणार नाही.

बतूल

*

सफ्रू
गुरुवार, २४ डिसेंबर

मामा,

सलाम. सोबत तपकिरी चार संच, काळे दोन. पिस्ता रंगाचे पुढच्या खेपेला. रोजे चांगले चाललेत. आईचा सलाम.

बतूलला सांगा, ईदपर्यंत पत्राला वेळ नाही.

इत्तो

*

फेझ
गुरुवार, ७ जानेवारी १९९९

इत्तो,

वेळ नाही असं नाहीये, मला माहीत आहे. गाठोडं येतं, त्यात नुसत्या गुंड्या. एक पण ढिली नाही. बाबा म्हणतात, "हिचं कुणाशी तरी भांडण झालेलं दिसतंय, एवढ्या घट्ट गुंड्या आयुष्यात बघितल्या नाहीत."

मी माझं गेलेलं पत्र आठवून बघितलं. वर्गात भांडण चाललं असं मी लिहिलं. सगळ्यांना कसं कळलं, हे तू विचारलं असशील मनात. तर सांगते. पत्रं बाई वर्गात मोठ्यानं वाचतात. पहिल्या पत्रापासून. सगळ्यांचीच वाचतात, तसा नियम आहे, आणि तो मी तुला लिहिला नाही, कारण लिहिला असता तर तू कधीच लिहिलं नसतंस. तू लिहिलं होतंस कुणाला दाखवू नको. ते वाक्य पण वाचलं गेलं. बाई त्या वाक्यावर थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं.

नववीचं पण वाचलं.

कुणी हसलं नाही इत्तो. मला मार, पण हे खरं मान. गाढवाची ओळ आली तेव्हा सुद्धा कुणी हसलं नाही.

मला बाकीचे सोळा नकोत. तू नुसतं लिही. पत्र येत नाही तर गुरुवारी टॅक्सीच्या अड्ड्यावर मी कशाला जाते तेच मला कळत नाही, गाठोडं तर बाबा पण आणू शकतात.

बतूल

*

सफ्रू
गुरुवार, २१ जानेवारी

बतूल,

ईद झाली. बोटं सुजलीत, पण मामांच्या एका पण जेलाब्याची छाती उघडी राहिली नाही.

राग आहे अजून. थोडा. पण "कुणी हसलं नाही" हे मी तीनदा वाचलं. तिथं निळा दोरा ठेवलाय.

आता एक गोष्ट लिहिते, ती मोठ्यानं वाचायची नाही. बाईंना वाचायची असेल तर मनात वाचू देत.

ईदच्या आदल्या दिवशी आई पाव थापत होती. तीन मोठे झाले, मग परात खरवडून चौथा, धाकटा. मी बघत होते. आमच्या घरात मी सोळा वर्षांची, माझ्याहून लहान कुणी नाही. हद्दूदादा तीन वर्षं झाली स्पेनला टोमॅटोच्या मळ्यांत आहे. आणि आई रोज धाकटा पाव थापते आणि शेजारच्या पोराला देते. मी रोज ते ताट बघते बतूल, रोज, आणि पुस्तकातल्या पावावर चार दिवस अडकले, पण घरातल्यावर कधी नाही.

मी विचारलं, "आई, हा कुणाचा?"

"हद्दूचा."

"दादा पंचवीसचा झाला."

"झाला असेल. माझ्या हाताला कुठं माहीत आहे?"

मग मी म्हटलं, "आणि तामूच्या घरात तर कुणीच नव्हतं, मग तिनं कुणाचा केला?"

आई परात पुसत होती. म्हणाली, "तो गेला तेव्हा तिच्या पोटात असेल. मग झालं असेल. मग राहिलं नसेल."

मी म्हटलं, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही.

"लिहील कोण?" आई म्हणाली. "ती बाई तोंड उघडत नाही. कुठं होतास म्हणून विचारलं, तर तो पण विचारेल ना, इथं काय काय झालं." आणि ताट डोक्यावर घेऊन भट्टीवर गेली.

मी सुईत दोरा नसतानाच टाके घालत होते, कळलंच नाही. आई दोन दिवस त्या बाईवर चिडली होती ना. आता चिडलेली नाही.

पण हे तू तोंडीत सांगायचं नाही. चोरी होईल म्हणून नाही. तू तिथं अडकलीच नव्हतीस. मी अडकले, आईनं सोडवलं. तुझी जागा वेगळी असणार. गाठोड्यात पांढऱ्या सुताचं एक रीळ ठेवलंय. पुस्तक पहिल्यापासून वाच आणि तुझे दोरे तू घाल. गाईड आत्याकडं पाठव, म्हणजे माझ्या आईकडं. इकडं चूल पेटवायला कागद लागतो.

इत्तो

*

फेझ
गुरुवार, ११ फेब्रुवारी

इत्तो,

आधी निकाल सांगत नाही. तुला पण थोडं अडकू दे.

गाईड खरंच पाठवलंय, गाठोड्यात बघ. ते बंद करून पहिले चार दिवस मी वेड्यासारखी नुसती पानं उलटत होते. एक पण दोरा घालता येईना. जिथं बघावं तिथं मला उत्तर पाठ. मग पाचव्या दिवशी एके ठिकाणी हात थांबला. पान एकोणसाठ. हा माणूस विहीर खणतो, पाणी लागतं, गाव नाचतं, सगळे पितात. तो पीत नाही. पुढच्या गावात पण तेच. गाईड म्हणतं त्याग. मी म्हटलं, त्याग कसला, तहान लागली असेल की.

मग बाबांकडं लक्ष गेलं. ईदला सत्तर जेलाबे शिवले आणि नमाजाला जुनाच घालून गेले. मी विचारलं, स्वतःला एक का नाही शिवत? म्हणाले, "मी शिवलेला अंगात घातला की मला नुसते टाके दिसतात. आरशात माणूस दिसत नाही." मला वाटलं, सापडलं उत्तर. आणि दुसऱ्या दिवशी वाटलं, हे तर बाबांचं उत्तर आहे, विहीरवाल्याचं कुठं? पाण्यात काही टाके नसतात.

सोमवारी तोंडी झाली. सगळे बसलेले, मी फळ्यापाशी. मी पान सांगितलं, तो पीत नाही हे सांगितलं, बाबांचं सांगितलं, आणि मग म्हटलं, "पण हे पुरत नाही, बाई. मला कळत नाही." आणि पुढं शब्दच आला नाही. मी, इत्तो. जी कधी गप्प बसत नाही. उभी राहिले नुसती. तुझी नववी आठवली. खरं सांगते, तेव्हा पहिल्यांदा नीट कळली.

बाईंनी विचारलं, "तिथं किती वेळ थांबलीस?"

"बारा दिवस."

"बस खाली."

आज दारावर यादी लागली. वीस नावं. मी आधी खालून वाचली, मग वरून. आहे. मी आहे. बाबा सरळ रस्त्यानं दुकानाला गेले आणि कोपऱ्यावर दोन वाट्या कढण प्यायले.

तुझं पत्र बाईंनी मनात वाचलं. चष्मा काढला, परत वाचलं. मग मला म्हणाल्या, "धाकटा पाव म्हणजे कंजूषपणा, असं मी तीस वर्षं सांगत आले. माझ्याकडं पाव दुकानातून येतो." मी विचारून टाकलं, शाळा सोडलेली, गुंड्या करणारी पोरगी वर्गात येऊन बसली तर चालेल का. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "शाळा सोडली ना, मग गुरुवारी मोकळी असेल."

सोबत पुस्तक आहे. शाळेचं नाही, बाईंचं स्वतःचं. आत बघ.

बतूल

*

सफ्रू
बुधवार, २४ फेब्रुवारी

लराकी बाईंना सलाम.

मी बतूलची आतेबहीण. तुम्ही मला ओळखता आणि मी तुम्हाला कधी बघितलेलं नाही, म्हणून कसं लिहायचं कळत नाही. घरच्यांशिवाय कुणाला मी पत्र लिहिलेलं नाही. अक्षर अजून घसरतंच.

पुस्तक मिळालं. उघडलं तर आत पांढरे दोरे. मी मोजले, तेवीस. आधी वाटलं माझेच सतरा कुठून परत आले. मग कळलं, हे तुमचे आहेत. मी ते दिवसभर पाटावर तसंच ठेवलं होतं. आई म्हणाली, "वाचत का नाहीस?" मी म्हटलं, आई, शिकवणारी बाई तेवीस ठिकाणी अडकते. आई म्हणाली, "मग? वीस माणसांना जेवायला घालते तिला भूक लागत नाही का?"

मग वाचलं. तुमच्या तेवीसांतले अकरा माझ्याच जागी होते. बाकीच्या बारा ठिकाणी मी सरळ चालत गेले होते, आता तिथं पण अडकतेय. पान दोनशे सहावर तुमचा एक दोरा आहे, विहिरीचा दोर कुणी कापला माहीत नाही, असं तो विहीरवाला म्हणतो तिथं. तो मी काढलेला नाही. पांढरा दोरा मी कधी काढणार नाही. पण त्याच्या शेजारी एक हिरवा ठेवलाय. मला वाटतं तो तिथं खोटं बोलतोय. पान एकतीस बघा, सुरी तेव्हापासून त्याच्याच कमरेला आहे. चुकत असेन तर हिरवा तुम्ही काढा.

उद्या गाठोडं, पुस्तक आणि हे पत्र घेऊन हम्मादीकाकांच्या टॅक्सीनं मीच येतेय. बतूलला सांगितलेलं नाही, ती अड्ड्यावर येईलच. वर्गात मागच्या बाकावर बसेन. हातात गुंड्या असतील, त्या करू द्या, हात रिकामे असले की मला जास्त भीती वाटते. मला उभं करून वाचायला लावू नका. पण कुठं अडकलीस असं विचारलंत तर पान नंबर सांगेन. तेवढा आवाज निघेल असं वाटतं. घरी आईसमोर काढून बघितलाय.

आईनं तुमच्यासाठी एक पाव बांधून दिलाय. लहानच आहे.

इत्तो